ओहम : तारेच्या रोधाचा हिशेब मांडणारा शिक्षक

बारामती - नीरा डाव्या कालव्याच्या पाझरावर भरणाऱ्या विहिरी आणि उजनी धरणाचा फुगवटा, यांवर बारामती व इंदापूर तालुक्यांतील ऊसशेतीचा मोठा भाग पोसला जातो. उन्हाळ्यात फुगवट्याचे पाणी मागे हटू लागले, की शेतकऱ्याला मोटार पाण्यामागे पुढे सरकवावी लागते. त्याबरोबर केबलही वाढवावी लागते. तार लांबली, की मोटारीपर्यंत पोचणारा दाब घटतो आणि अनेकदा मोटार जळते. तारेची लांबी आणि वीज यांच्यातील हे नाते प्रयोगाने सिद्ध करण्याचे श्रेय जॉर्ज सायमन ओहम या जर्मन शिक्षकाकडे जाते.

ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन येथे झाला. वडील कुलपे तयार करणारे कारागीर. त्यांचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते. मात्र स्वतःच्या प्रयत्नाने त्यांनी गणिताचा अभ्यास केला होता आणि तोच वारसा त्यांनी मुलांना दिला. ओहम दहा वर्षांचे असताना आईचे निधन झाले. त्यांचे धाकटे बंधू मार्टिन पुढे नामवंत गणिती झाले.

१८०५ मध्ये ओहम यांनी एर्लांगेन विद्यापीठात प्रवेश घेतला. परंतु अभ्यासापेक्षा नृत्य, बिलियर्ड्स आणि बर्फावरील घसरखेळ यांतच मुलाचा वेळ जातो, हे पाहून वडील संतापले. तीन सत्रांनंतर शिक्षण थांबले आणि १८०६ मध्ये स्वित्झर्लंडमधील एका शाळेत ते गणित शिकवू लागले. तेथे स्वाध्यायाची गोडी लागली. विद्यापीठात परतून १८११ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. तरीही मनासारखे पद मिळाले नाही. अखेर १८१७ मध्ये कोलोन येथील शाळेत गणित व भौतिकशास्त्राचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. या शाळेची प्रयोगशाळा सुसज्ज होती आणि वडिलांच्या कार्यशाळेत हाताला लागलेले वळण येथे उपयोगी पडले.

त्या काळी व्होल्टा यांच्या बॅटरीतून मिळणारी वीज स्थिर नसे. मापन सुरू असतानाच धारा मंदावत असल्याने निष्कर्ष चुकत. पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून ओहम यांनी बॅटरीऐवजी बिस्मथ व तांबे यांची जोडणी वापरली. तिचे एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात ठेवले, की तापमानातील फरकामुळे स्थिर विद्युतदाब मिळे. सारख्या जाडीच्या तांब्याच्या आठ तारा त्यांनी घेतल्या. सर्वांत आखूड दोन इंचांची, तर सर्वांत लांब १३० इंचांची. प्रत्येक तार जोडून चुंबकसूची किती वळते, याची नोंद त्यांनी केली. दाब तोच ठेवून मंडलाचा एकूण रोध वाढविला, तर धारा त्याच प्रमाणात घटते, हे १८२६ मध्ये स्पष्ट झाले. पुढील वर्षी त्यांनी हा सिद्धांत ग्रंथरूपाने बर्लिनमध्ये प्रसिद्ध केला.

आज शाळकरी विद्यार्थीही हा नियम सहज वापरतो. दाबाला धारेने भागले, की रोध मिळतो. पाणी तापविण्याची कॉइल २३० व्होल्टवर १० अँपिअर धारा घेत असेल, तर तिचा रोध २३ ओहम. दाब आणि धारा यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. येथे ती २३०० वॅट. धारेच्या वर्गाला रोधाने गुणले, तरी उत्तर तेच येते. धारेमुळे निर्माण होणाऱ्या उष्णतेचा हा नियम इंग्लंडमधील जेम्स ज्यूल यांनी १८४१ मध्ये मांडला. मोटारीची शक्ती काढताना मात्र पॉवर फॅक्टरही विचारात घ्यावा लागतो.

केबलचा हिशेबही याच मार्गाने होतो. तारेचा रोध एक ओहम आणि धारा १० अँपिअर असेल, तर १० व्होल्ट तारेतच खर्ची पडतात आणि १०० वॅट वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. त्याच जाडीची तार दुप्पट लांब केली, तर नुकसानही दुप्पट. त्यातच दाब घटला, तरी पाणी उपसण्याचा भार कायम राहतो. त्यामुळे मोटार अधिक धारा ओढते. धारा १० वरून १२ अँपिअरवर गेली, तर वेटोळ्यांतील उष्णता ४४ टक्क्यांनी वाढते. मोटार जळते ती यामुळेच. अंतर वाढले, की केबलही अधिक जाड हवी, या सल्ल्यामागे हेच गणित आहे.

ओहम यांच्या ग्रंथाचे स्वागत मात्र थंडपणे झाले. भौतिकशास्त्राची अशी गणिती मांडणी तत्कालीन जर्मनीतील अनेक विद्वानांना रुचली नाही. संशोधनासाठी अर्ध्या वेतनावर रजा घेऊन बर्लिनला गेलेल्या ओहम यांनी निराश होऊन १८२८ मध्ये कोलोनची नोकरी सोडली. पुढील काही वर्षे किरकोळ अध्यापनावर गेली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत त्यांना स्थिर पद मिळाले. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपली पदक देऊन त्यांचा गौरव केला. म्युनिक विद्यापीठातील प्राध्यापकपद १८५२ मध्ये मिळाले, तेव्हा त्यांचे वय ६३ होते. आयुष्यभर अविवाहित राहिलेल्या ओहम यांचे ६ जुलै १८५४ रोजी म्युनिकमध्ये निधन झाले.

त्यांच्या आधी इंग्लंडमधील हेन्री कॅव्हेंडिश यांनाही हे नाते उमगले होते. पण त्यांनी ते प्रसिद्ध केले नाही आणि मॅक्सवेल यांनी त्यांच्या नोंदी १८७९ मध्ये उजेडात आणल्या. दोन वर्षांनी, १८८१ मध्ये, पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने रोधाच्या एककाला ओहम यांचे नाव दिले. हयातीत उपेक्षा सोसलेल्या या शिक्षकाचे नाव आज मोटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या मीटरवर असते; मोटारीचे वेटोळे शाबूत आहे की जळाले, याचा निवाडा त्यावरील ओहमचा आकडा पाहूनच केला जातो.