विश्लेषण : घराण्यांच्या तिजोरीतील बंदिशी वहीत कशा आल्या? पं. भातखंडे यांच्या संग्रहाची गोष्ट

चौक, कर्जत किंवा खालापूरमधला संगीताचा विद्यार्थी आज यमन रागाची बंदीश मोबाइलवर शोधतो, तेव्हा शब्द, स्वर, ताल सगळे क्षणात समोर येते. सव्वाशे वर्षांपूर्वी हीच बंदीश मिळवण्यासाठी उस्तादांच्या दारात वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि तरीही ती मिळेलच याची खात्री नसे. ही कोंडी फोडण्यात सर्वांत मोठा वाटा मुंबईच्या एका वकिलाचा, पं. विष्णु नारायण भातखंडे यांचा. दुर्मीळ चिजा जमवण्याचा त्यांचा खासगी छंद पुढे संपूर्ण हिंदुस्थानी संगीताचा ठेवा झाला. मात्र या संग्रहाने उभा केलेला एक प्रश्न आजही सुटलेला नाही. गाणे नेमके कोणाचे?

भातखंडे कोण होते?

१० ऑगस्ट १८६० रोजी, जन्माष्टमीच्या दिवशी, मुंबईतील वाळकेश्वर येथे त्यांचा जन्म झाला. घरात कोणी पेशेवर गवई नव्हते. १८८५ मध्ये ते बी.ए. आणि १८८७ मध्ये एलएल.बी. झाले. काही काळ त्यांनी कराचीत वकिली केली आणि नंतर ते मुंबईत परतले. विद्यार्थिदशेतच ते सतार शिकले होते. १८८४ मध्ये ते ‘गायन उत्तेजक मंडळी’चे सभासद झाले. पारशी मंडळींनी १८७० मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत गवयांच्या बैठका होत आणि सभासदांना शिकताही येई. तेथे त्यांनी रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून सुमारे ३०० ध्रुपदे घेतली, तर अली हुसेन खाँ व विलायत हुसेन खाँ यांच्याकडून ख्याल. संग्रहाची सुरुवात इथूनच झाली.

१९०० मध्ये पत्नीचे आणि १९०३ मध्ये एकुलत्या एका मुलीचे निधन झाले. त्यानंतर त्यांचे मन वकिलीत फारसे रमले नाही. पुढे ती त्यांनी सोडलीच आणि उरलेले आयुष्य संगीताला दिले.

बंदिशी दुर्मीळ का होत्या?

त्या काळी संगीत छापील नव्हते, कंठस्थ होते. उस्तादाने आयुष्यभर जमवलेल्या चिजा हीच त्याची मालमत्ता. दरबारातले स्थान, बिदागी आणि मुलांचे भविष्य त्यावर अवलंबून असे. त्यामुळे खास चिजा मुलाला किंवा गंडाबंध शागिर्दालाच मिळत. मुलीच्या लग्नात बंदिशी आंदण दिल्याच्या आख्यायिकाही सांगितल्या जातात. हा कंजूषपणा वाटला, तरी त्यामागे पोटापाण्याचे कारण होते. धोका मात्र खरा होता. उस्ताद निपुत्रिक गेला, तर त्याच्याबरोबर चिजाही जात.

संग्रहासाठी ते कुठे कुठे फिरले?

१८९६ मध्ये त्यांनी गुजरात-काठियावाडचा दौरा केला. १९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले. मद्रासचा रेल्वेमार्ग तेव्हाही कर्जतवरून बोरघाट चढून जात असे. या दौऱ्यात मद्रास, तंजावर, मदुरा आणि एट्टयापुरम येथे त्यांनी पंडितांशी चर्चा केल्या आणि जुन्या पोथ्या पाहिल्या. व्यंकटमखींच्या सतराव्या शतकातील ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ या ग्रंथातील ७२ मेळांची रचना त्यांना इथेच नीट उमगली. १९०७ मध्ये नागपूर, हैदराबाद, जगन्नाथपुरी, कलकत्ता आणि १९०८ मध्ये अलाहाबाद, बनारस, लखनऊ, आग्रा, दिल्ली, जयपूर, बिकानेर असा प्रवास झाला. प्रश्नांची यादी तयार ठेवायची, गवयांना व पंडितांना तेच प्रश्न विचारायचे आणि उत्तरे रोजनिशीत लिहायची, अशी त्यांची वकिली शिस्त होती.

रामपूरचे नवाब हमीद अली खाँ यांच्या दरबारातील उस्ताद वझीर खाँ तानसेनाच्या परंपरेतले मानले जात. त्यांचे शागिर्दत्व भातखंडे यांनी रीतसर पत्करले. तिथला चिजांचा साठा बाहेरच्या माणसाला शिष्य झाल्याशिवाय मिळणे शक्य नव्हते.

जयपूरच्या बंदिशींचे प्रकरण काय होते?

संग्रहातील सर्वांत नाजूक प्रसंग जयपूरच्या ‘मनरंग’ परंपरेचा. मुहंमद अली खाँ ‘कोठीवाल’ हे त्या परंपरेचे जाणकार. त्यांचे पुत्र आशिक अली यांच्याकडून मुंबईत भातखंडे यांनी बऱ्याच चिजा मेणाच्या नळकांड्यांवर, म्हणजे फोनोग्राफवर, ध्वनिमुद्रित करून घेतल्या. घरचा ठेवा असा बाहेर गेल्याचे कळल्यावर वडील नाराज झाले. पुढे भातखंडे यांनी त्यांची समजूत घातली, त्यांनाही गुरू मानले आणि मग वडिलांनीच आपल्या चिजा दिल्या, असा वृत्तांत त्यांच्या चरित्रांत येतो.

मेणाच्या एका नळकांड्यावर दोन ते चार मिनिटेच मावत. म्हणजे स्थायी, अंतरा आणि थोडासा विस्तार. वारंवार वाजवल्यावर मेण झिजे, त्यामुळे गाणे ऐकून ताबडतोब स्वरलिपीत उतरवणे भाग होते. टिकले ते कागदावरचे.

त्यांची स्वरलिपी इतकी सोपी कशी?

खर्च कमी आणि खुणा मोजक्या, हे तिचे बळ. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या वर उभी रेघ. मंद्र सप्तकासाठी स्वराखाली टिंब, तार सप्तकासाठी वर. एका मात्रेत अनेक स्वर असतील तर खाली अर्धचंद्र, मिंडेसाठी वर कमान. शब्द लांबवायचा तर अवग्रह. समेला फुली, खालीला शून्य. देवनागरी छापखान्यात हे सहज जुळत असे आणि शाळकरी मुलालाही वाचता येत असे.

‘क्रमिक पुस्तक मालिका’च्या सहा भागांत अशा सुमारे १,८०० बंदिशी आल्या. मालिकेचा शेवटचा भाग त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. शास्त्रासाठी त्यांनी ‘चतुर पंडित’ या नावाने संस्कृतात ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ लिहिले. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग मात्र मराठीत, गुरु-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात आहेत. राग लक्षात राहावा म्हणून रागाचे नियमच शब्दांत गुंफलेली ‘लक्षणगीते’ही त्यांनी रचली.

दहा थाट कशासाठी?

संग्रह मोठा झाला की तो लावावा लागतो. भातखंडे यांनी राग दहा थाटांत बसवले : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. वाचकाला कपाट उघडून हवा तो राग काढता यावा, इतकी ही सोय होती. पण पटदीपसारखे राग या कप्प्यांत नीट बसत नाहीत, ही टीका तेव्हापासून आहे.

टीका कोणत्या मुद्द्यांवर होते?

पहिला मुद्दा, गाण्याचा जिवंतपणा. एकच बंदीश प्रत्येक गवई वेगळी गातो. छापल्यावर त्यातले एक रूप ‘खरे’ ठरते आणि इतर रूपे मागे पडतात. दुसरा, ज्यांनी चिजा दिल्या, त्यांच्या वाट्याला काय आले? पुस्तके खपली, परीक्षा सुरू झाल्या, पण दरबार संपत गेलेल्या उस्तादांच्या कुटुंबांचे हक्क कोणी लिहून ठेवले नाहीत. तिसरा, मुस्लीम उस्तादांच्या शास्त्रज्ञानाबद्दल त्यांच्या लेखनात दिसणारी अढी. इतिहासकार जानकी बखले यांनी हा मुद्दा सविस्तर मांडला आहे. मात्र वझीर खाँ यांचा गंडा त्यांनीच बांधून घेतला होता, हेही विसरता येत नाही.

जगात इतरत्र असे झाले का?

त्याच सुमारास, १९०६ पासून, हंगेरीत बेला बार्टोक खेड्यापाड्यांत फोनोग्राफ घेऊन लोकगीते जमवत होते. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेत लेनी के यांनी १९६५ ते १९६८ या काळातली, विस्मरणात गेलेली सायकेडेलिक रॉक गाणी निवडून ‘नगेट्स’ हा दोन रेकॉर्डींचा संच काढला आणि ती नव्या पिढीपर्यंत पोहोचली. एका माणसाची निवड अनेकांची आठवण बनते, आणि जे निवडले गेले नाही ते बहुधा विसरले जाते. संग्राहकाची ताकद आणि जबाबदारी इथेच असते.

संग्रह संस्थांपर्यंत कसा पोहोचला?

१९१६ मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या पाठिंब्याने बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पुढे ग्वाल्हेरचे माधव संगीत विद्यालय (१९१८) आणि लखनऊचे मॅरिस कॉलेज (१९२६) सुरू झाले. लखनऊची ही संस्था आज ‘भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय’ आहे. गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक पं. विष्णु दिगंबर पलुस्कर वेगळे आणि त्यांची स्वरलिपीही वेगळी. दोन विष्णूंची गल्लत अजूनही होते.

१९३३ मध्ये भातखंडे यांना पक्षाघात झाला. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीला, त्यांचे निधन झाले. शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी लखनऊत त्यांचे काम पुढे नेले.

आजच्या श्रोत्याने काय घ्यावे?

जुने गाणे जमवताना ते कोणाकडून मिळाले, केव्हा, कुठल्या घराण्याचे, हे शेजारी लिहून ठेवणे. जुन्या कॅसेटपासून गावातल्या भजनी बुवांच्या चालींपर्यंत हे सर्वांना लागू आहे. मोबाइलमध्ये चाल साठवायला एक मिनिट लागते. देणाऱ्याचे नाव लिहायला त्याहूनही कमी वेळ लागतो. जयपूरच्या त्या वडिलांची नाराजी नेमकी याच गोष्टीची आठवण करून देते.