बिल बॉवरमन : धावपटूंचे गुरुजी

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ऑरेगन राज्यात, पोर्टलंड शहरी, १९ फेब्रुवारी १९११ रोजी विल्यम जे बॉवरमन यांचा जन्म झाला. वडील काही काळ राज्याचे हंगामी गव्हर्नर होते. परंतु आईवडील विभक्त झाल्याने बिल यांचे बालपण आईजवळ, फॉसिल नावाच्या लहानशा गावी गेले. ऑरेगन विद्यापीठात ते फुटबॉल खेळण्यासाठी आले. तेथील वयोवृद्ध प्रशिक्षक बिल हेवर्ड यांनी त्यांना धावायचे कसे, हे शिकविले. पुढे मेडफर्ड येथील शाळेत अध्यापन, दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या डोंगराळ आघाडीवर पराक्रम आणि १९४८ साली, हेवर्ड यांच्या निधनानंतर, त्यांच्याच विद्यापीठात मैदानी शर्यतींचे प्रशिक्षकपद, असा त्यांचा जीवनक्रम आहे.

जितका घाम अधिक तितके यश अधिक, अशी त्या काळच्या अनेक प्रशिक्षकांची श्रद्धा होती. बॉवरमन यांची दृष्टी निराळी होती. श्रमाने शरीर झिजते आणि विश्रांतीत ते पुन्हा, पूर्वीपेक्षा बळकट, घडते, हे त्यांनी ओळखले. म्हणून एक दिवस कठोर सराव आणि पुढचे एक-दोन दिवस हलके धावणे, असा क्रम त्यांनी घालून दिला. प्रत्येक विद्यार्थ्याची प्रकृती पाहून त्याचे वेळापत्रक ते स्वतंत्र आखीत.

हा नियम सर्वांनाच रुचला नाही. केनी मूर हा त्यांचा विद्यार्थी अतिश्रमाने वारंवार आजारी पडे, तरी थांबत नसे. बॉवरमन यांनी त्याला तीन आठवडे रोज जेमतेम तीन मैलांपलीकडे धावण्यास मनाई केली आणि ती धाकाने पाळावयास लावली. मूर मनातून चडफडला. पण त्यानंतरच्या दोन मैलांच्या शर्यतीत त्याने स्वतःची पूर्वीची सर्वोत्तम वेळ २७ सेकंदांनी मागे टाकली. हाच मूर १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन शर्यतीत चौथा आला.

चोवीस वर्षांच्या कारकिर्दीत विद्यापीठाला चार राष्ट्रीय सांघिक विजेतेपदे मिळाली. मैलाचे अंतर चार मिनिटांच्या आत कापणारे १६ धावपटू आणि ३१ ऑलिंपिकपटू त्यांच्या हाताखाली तयार झाले.

१९६२ च्या अखेरीस आपला विक्रमवीर रिले संघ घेऊन ते न्यूझीलंडला गेले. तेथील ख्यातनाम प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड यांनी त्यांना सर्वसामान्य नागरिकांबरोबर सावकाश धावण्यास नेले. एकावन्न वर्षांच्या बॉवरमन यांची चढावर दमछाक झाली. सत्तरी ओलांडलेल्या, हृदयविकाराचे झटके सोसलेल्या एका गृहस्थांनी त्यांना सांभाळून सोबत केली. इतरांना धावण्यास शिकविणाऱ्या या माणसाला स्वतःच्या शरीराकडे झालेले दुर्लक्ष त्या दिवशी उमगले. मायदेशी परतताच त्यांनी युजीनच्या रहिवाशांसाठी विद्यापीठाचे मैदान खुले केले. १९६७ साली एका हृदयरोगतज्ज्ञांच्या सहकार्याने त्यांनी ‘जॉगिंग’ हे पुस्तक लिहिले. त्यामुळे सावकाश धावण्याचा व्यायाम अमेरिकेत घरोघरी पोहोचला.

धावपटूंचे जोडे हलके असावेत, यासाठी ते स्वतः जोडे शिवीत. फिल नाइट या आपल्या माजी विद्यार्थ्यासह, प्रत्येकी ५०० डॉलर घालून, त्यांनी १९६४ साली व्यवसाय आरंभिला. तोच पुढे ‘नाइकी’ नावाने जगभर पसरला. घरातील वॅफल भाजण्याच्या साच्यात रबरासारखे रसायन ओतून त्यांनी पकड घेणारा तळवा घडविला. पहिल्या प्रयत्नात तो साचाच कायमचा चिकटून बसला!

म्युनिक ऑलिंपिकमध्ये ते अमेरिकन मैदानी संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. अतिरेक्यांच्या हल्ल्यातून निसटलेला एक इस्रायली खेळाडू त्या पहाटे त्यांच्या दाराशी आला. बॉवरमन यांनी त्याला आत घेतले आणि बंदोबस्तासाठी अमेरिकन सैनिकांना पाचारण केले.

२४ डिसेंबर १९९९ रोजी, बालपणीच्या फॉसिल गावीच, त्यांचे निधन झाले. विजेत्यांची नामावली मोठी असली, तरी स्वतःला ते प्रथम शिक्षकच मानीत. थकलेल्याला वेळीच थांबविणे आणि थांबलेल्याला पुन्हा चालते करणे, या दोन्ही गोष्टी त्यांनी सारख्याच आस्थेने केल्या.