पालीच्या शोधात निघालेला विद्यार्थी

१८९९ च्या अखेरीस गोव्यातील सांखवाळ गावचा एक तेवीस वर्षांचा तरुण पुण्यात येऊन दाखल झाला. नारळीच्या बागा सांभाळण्यात त्याचे तारुण्य चालले होते. शालेय शिक्षण जेमतेम, हाती पैसा नाही, घरी पत्नी आणि तान्ही मुलगी. मात्र एका मराठी मासिकात वाचलेल्या बुद्धचरित्राने त्याच्या मनाचा ताबा घेतला होता. बुद्धाचा उपदेश मूळ भाषेत वाचायचा, या एकाच ध्यासाने बाहेर पडलेला हा तरुण म्हणजे धर्मानंद कोसंबी.

त्या काळी पुणे हे विद्येचे माहेरघर खरे, परंतु तेथेही पाली शिकण्याची सोय नव्हती. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी त्यांना आधार दिला आणि वासुदेवशास्त्री अभ्यंकरांकडे संस्कृतचे पाठ सुरू झाले. पुढे काशीला अन्नछत्रात जेवून त्यांनी व्याकरणाचा अभ्यास केला. १९०२ साली ते मोठ्या आशेने नेपाळला गेले आणि निराश होऊन परतले. पाली शिकायची तर सिंहलद्वीप गाठावे, हा सल्ला त्यांना बोधगयेत एका भिक्षूकडून मिळाला.

कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांच्या छत्राखाली त्यांनी अखेर पालीचा श्रीगणेशा केला. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. सिंहलात ती सिंहली अक्षरांत, ब्रह्मदेशात बर्मी अक्षरांत, सयामात तेथील अक्षरांत लिहिली जाते. त्यामुळे भाषेआधी परकी लिपी गिरवणे भाग होते. संस्कृतची बैठक येथे कामी आली. धर्माचे धम्म आणि निर्वाणाचे निब्बान कसे होते, हे उमगले की अर्थाची वाट मोकळी होते. मात्र तेथील आहार त्यांना मानवला नाही आणि त्यांना परतावे लागले. पुढील अध्ययन ब्रह्मदेशात झाले.

या विद्येची किंमत त्यांच्या घरानेही मोजली. पत्नी बाळाबाईंनी वर्षानुवर्षे विरह सोसला.

१९०६ नंतर कलकत्त्यात त्यांना पाली शिकवण्याचे काम मिळाले. परंतु आपल्या प्रांतात ही भाषा रुजावी, ही तळमळ त्यांना स्वस्थ बसू देईना. सयाजीराव गायकवाडांनी महाराष्ट्रात राहून ग्रंथरचना करण्यासाठी दरमहा ५० रुपये देऊ केले, तेव्हा अधिक पगाराची नोकरी सोडून ते परतले. १९१० साली ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनाचे काम त्यांच्याकडे होते. इकडे भांडारकरांच्या प्रयत्नांनी मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळाले.

१९१२ साली कोसंबी फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापक झाले. बारा वर्षांपूर्वी जेथे त्यांना पालीचा शिक्षक मिळाला नव्हता, त्याच पुण्यात ते सहा वर्षे शिकवत राहिले. पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत हे त्यांचे विद्यार्थी पुढे स्वतः पालीचे नामवंत अभ्यासक झाले. बापटांचा विसुद्धिमग्ग आणि विमुत्तिमग्ग यांची तुलना करणारा ग्रंथ १९३७ साली पुण्यातून प्रसिद्ध झाला. गुरूने घरदार सोडून मिळवलेली विद्या शिष्यांना पुण्यातील वर्गात बसून मिळाली. कोसंबींच्या भ्रमंतीचे खरे फळ हेच.

नवशिक्यासमोरची लिपीची अडचणही त्यांच्या नजरेआड नव्हती. त्यांनी संपादिलेला विसुद्धिमग्ग १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने देवनागरीत प्रसिद्ध केला. हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५० साली. ती पाहण्यास मात्र ते हयात नव्हते. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे उपोषण करून त्यांनी देह ठेवला होता.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला आणि पालीला एकाच वेळी अभिजात भाषेचा दर्जा दिला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आज पालीचा विभाग आहे. पालीचे पहिले पाठ गिरवण्यासाठी आता पुणेकराला समुद्र ओलांडावा लागत नाही. तो ओलांडण्याचे कष्ट सांखवाळच्या एका तरुणाने कधीच उपसून ठेवले आहेत.