तान्ह्यांच्या चाळ्यांना रोग न मानणारे डॉ. विनिकॉट

बाळाने घड्याळाच्या ठोक्याला दूध प्यावे, ठरल्या वेळी झोपावे आणि अंगठा तोंडात घालू नये, अशी शिस्त विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील बालसंगोपनात रूढ होती. त्याच काळात डॉ. डोनाल्ड वूड्स विनिकॉट यांनी तान्ह्यांना समजून घेण्याची निराळी वाट धरली.

७ एप्रिल १८९६ रोजी प्लिमथ येथील सुखवस्तू व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९२३ मध्ये ते लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन बालरुग्णालयात रुजू झाले आणि सुमारे चाळीस वर्षे तेथेच राहिले. त्या वेळी हृदयाला इजा करणाऱ्या संधिवाती तापाची मोठी धास्ती होती, आणि ती निराधार नव्हती. मात्र त्या धास्तीपोटी नुसती चुळबुळ करणाऱ्या किंवा हातपाय दुखतात म्हणणाऱ्या मुलांवरही रोगाचा शिक्का बसे आणि धडधाकट मूल दीर्घकाळ अंथरुणाला खिळे. साधी चुळबुळ आणि त्या तापातून उद्भवणारा कोरिया यांतील भेद विनिकॉट यांनी १९३१ च्या आपल्या पहिल्या ग्रंथात मांडला.

तान्ह्यांविषयीचे त्यांचे निरीक्षण तर विलक्षण साधे होते. आईच्या मांडीवरील बाळासमोर, टेबलाच्या कडेला, जीभ दाबून घसा तपासण्याची चकचकीत पट्टी ठेवलेली असे. बाळ हात पुढे करी, मग थबके. आईकडे आणि डॉक्टरांकडे पाही. घाई न केल्यास काही वेळाने ते पट्टी उचलून तोंडात घाली, खेळे आणि शेवटी खाली टाकी. हे थबकणे म्हणजे दोष नव्हे, हे त्यांनी १९४१ मध्ये नोंदवले. गोधडीच्या कोपऱ्याचा किंवा कापडी अस्वलाचा लळा हाही वाढीचाच भाग असल्याचे त्यांनी पुढे दाखवले.

सारे काही आपोआप सुरळीत होते, असे मात्र त्यांनी कधीच मानले नाही. अंथरूण ओले करणे, आक्रस्ताळेपणा, अन्न नाकारणे ही लक्षणे निरोगी मुलातही दिसतात. मूल एकाच लक्षणात अडकून पडले तर चिंता करावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या विवेचनात वडील फारच मागे राहतात आणि भार आईवर पडतो, हा आक्षेप रास्तच आहे. तरीही १९४३ पासून बीबीसीवरून केलेल्या भाषणांत त्यांनी मातांना उपदेशाचे डोस पाजले नाहीत. त्यांना स्वतःच्या जाणिवेवर विसंबण्याचे बळ दिले. यांतील अनेक भाषणे १९६४ मध्ये पुस्तकरूपाने आली. २५ जानेवारी १९७१ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.