तुरुंगातून थेट सत्तेत आलेल्या एन्क्रुमांनी घानाची अख्खी लोकशाही खिशात घातली होती

१२ फेब्रुवारी १९५१. आक्रा शहरातल्या जेम्स फोर्ट तुरुंगाबाहेर तुडुंब गर्दी झाली होती. आत शिक्षा भोगणारा एक कैदी तुरुंगात बसूनच निवडणूक जिंकला होता. त्याच्या पक्षाने ३८ पैकी ३४ जागा मारल्या होत्या. इंग्रज गव्हर्नरपुढे दोनच पर्याय होते. एकतर निवडणूक रद्द करायची, नाहीतर कैद्याला बाहेर काढून सरकार बनवायला बोलवायचं. गव्हर्नरने दुसरा पर्याय निवडला.

हा कैदी म्हणजे क्वामे एन्क्रुमा. पुढे घानाचे पहिले पंतप्रधान आणि पहिले राष्ट्राध्यक्ष. गोऱ्यांच्या तुरुंगातून आलेल्या याच माणसाने नंतर आपल्याच सोबत्यांना विनाखटला तुरुंगात टाकलं. ते नेमकं कसं झालं, ते बघूया.

एन्क्रुमांचा जन्म १९०९ चा, एन्क्रोफुल नावाच्या खेड्यातला. तेव्हा या देशाचं नाव गोल्ड कोस्ट होतं आणि राज्य इंग्रजांचं. शिक्षण घेऊन ते शिक्षक झाले आणि १९३५ मध्ये अमेरिकेला गेले. तिथे मिळेल ती कामं करत त्यांनी पदव्या घेतल्या. १९४५ मध्ये ते इंग्लंडला आले आणि मँचेस्टरच्या पाचव्या पॅन-आफ्रिकन काँग्रेसच्या आयोजकांपैकी एक झाले. आफ्रिकेने एक व्हायचं, हे स्वप्न त्यांनी तिथूनच सोबत आणलं.

इकडे मायदेशी जे. बी. डांक्वा नावाचे मोठे वकील स्वातंत्र्यासाठी पक्ष उभा करत होते. त्यांना पूर्णवेळ सरचिटणीस हवा होता. आको अजेई या तरुण वकिलाने एन्क्रुमांचं नाव सुचवलं आणि १९४७ मध्ये एन्क्रुमा परतले.

डांक्वा आणि अजेई ही दोन नावं लक्षात ठेवा. गोष्टीच्या शेवटी ती परत येणार आहेत.

फेब्रुवारी १९४८ मध्ये दुसऱ्या महायुद्धात लढून आलेल्या सैनिकांच्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात तिघे गेले. देश पेटला आणि इंग्रजांनी पक्षाच्या सहा नेत्यांना उचललं. त्यात एन्क्रुमा, डांक्वा आणि अजेई तिघेही होते. पण वकील मंडळींचा सबुरीचा कारभार एन्क्रुमांना पटेना. १९४९ मध्ये त्यांनी कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी हा स्वतःचा पक्ष काढला. गांधीजींच्या अहिंसक लढ्यावरून प्रेरणा घेत १९५० मध्ये त्यांनी संप आणि बहिष्काराचं आंदोलन छेडलं, आणि त्यातच त्यांना शिक्षा झाली. पुढची निवडणूक त्यांनी तुरुंगातून जिंकली.

६ मार्च १९५७ ला गोल्ड कोस्टचा घाना झाला. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या ब्रिटिश वसाहतींमध्ये कृष्णवर्णीयांचं स्वतंत्र राज्य सगळ्यात आधी इथे आलं. सोहळ्याला मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर हजर होते. अख्ख्या आफ्रिकेसाठी एन्क्रुमा हिरो झाले.

आणि काम पण तसंच होतं. शाळा वाढल्या, प्राथमिक शिक्षण मोफत झालं, टेमाचं बंदर झालं, व्होल्टा नदीवर अकोसोंबोचं प्रचंड धरण उभं राहिलं. नेहरू, नासेर, टिटो आणि सुकार्णो यांच्यासोबत अलिप्ततावादी चळवळीच्या संस्थापकांमध्येही त्यांचं नाव घेतलं जातं.

मग बिनसलं कुठे?

सुरुवात झाली १९५८ च्या एका कायद्यापासून. प्रतिबंधात्मक स्थानबद्धता कायदा. देशाच्या सुरक्षेला धोका आहे असं सरकारला वाटलं, की त्या माणसाला खटला न चालवता पाच वर्षांपर्यंत आत ठेवता येणार होतं. असा कायदा भारतातही १९५० पासून होता. घानात तेव्हा प्रादेशिक आणि जमातींच्या पक्षांचा जोर होता, देश फुटेल अशी भीती होती, त्यामुळे सरकारकडे कारण तयार होतं. पण आत जाऊ लागले ते विरोधी पक्षाचे लोक.

१९६० मध्ये घाना प्रजासत्ताक झाला. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत एन्क्रुमांसमोर उभे होते त्यांचे जुने नेते डांक्वा. एन्क्रुमांना सुमारे ८९ टक्के मतं पडली. नव्या घटनेत पहिल्या राष्ट्राध्यक्षाला संसदेला न विचारता आदेश काढून कायदे करायची खास सोय होती. सरन्यायाधीशाला पदावरून काढायचा अधिकारही त्याच्याच हातात होता. बाकीच्या न्यायाधीशांना काढायला मात्र संसदेचं दोन तृतीयांश बहुमत लागायचं.

याच घटनेत आणखी एक कलम होतं. पदभार घेताना राष्ट्राध्यक्षाने नागरिकांचं स्वातंत्र्य जपण्याची जाहीर ग्वाही द्यायची. आता तुम्ही म्हणाल, मग विनाखटला तुरुंगवास चालेल कसा?

नेमका हाच प्रश्न डांक्वांनी सर्वोच्च न्यायालयात टाकला. अशांती राजाच्या दरबारातले मानकरी बाफूर ओसेई आकोतो आणि इतर सात जणांना याच कायद्याखाली उचललं होतं. डांक्वा त्यांचे वकील होते. ऑगस्ट १९६१ मध्ये सरन्यायाधीश अर्कू कोर्सा यांच्या न्यायालयाने निकाल दिला. ही ग्वाही म्हणजे फक्त नैतिक बंधन आहे, तिच्या आधारे संसदेचा कायदा रद्द करता येणार नाही. राष्ट्राध्यक्ष चुकला तर लोकांनी मतपेटीतून त्याला धडा शिकवावा, असा त्या निकालाचा अर्थ होता.

काही आठवड्यांतच रेल्वे आणि बंदर कामगारांचा मोठा संप झाला. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये खुद्द डांक्वांनाच त्याच कायद्याखाली आत टाकलं. पुढच्या वर्षी त्यांची सुटका झाली.

१ ऑगस्ट १९६२ ला कुलुंगुगू गावात एन्क्रुमांवर बॉम्ब फेकला गेला. ते थोडक्यात वाचले. संशय गेला त्यांच्याच मंत्र्यांवर, ताविया अदामाफिओ आणि आको अजेई. हो, तेच अजेई. सोबत पक्षाचा एक बडा पदाधिकारीही होता. खटला चालला खास न्यायालयात, सरन्यायाधीश कोर्सांसमोर. डिसेंबर १९६३ मध्ये कोर्सांनी पुराव्याअभावी या तिघांना निर्दोष सोडलं.

दोनच दिवसांत कोर्सांची सरन्यायाधीशपदावरून हकालपट्टी झाली. महिना संपायच्या आत संसदेने कायदा बदलला आणि खास न्यायालयाचा निकाल रद्द करायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला मिळाला. तो लगेच वापरला गेला. फेरखटल्यात तिघांना फाशीची शिक्षा झाली, ती पुढे एन्क्रुमांनी कमी करून तुरुंगवासात बदलली.

२ जानेवारी १९६४ ला एका पोलीस शिपायाने एन्क्रुमांवर गोळ्या झाडल्या, त्यात त्यांचा अंगरक्षक मेला. काही दिवसांत डांक्वा परत तुरुंगात गेले. आणि त्याच महिन्याच्या शेवटी सार्वमत झालं. बदल दोन होते. देशात एकच पक्ष राहणार, आणि राष्ट्राध्यक्षाला वरिष्ठ न्यायालयांच्या कुठल्याही न्यायाधीशाला काढता येणार.

निकालात बाजूने पडली ९९.९१ टक्के मतं. विरोधाचा बालेकिल्ला असलेल्या अशांती भागात तर विरोधात एकही मत मोजलं गेलं नाही.

न्यायालयाने तीन वर्षांपूर्वी मतपेटीकडे बोट दाखवलं होतं. आता तीही बंद झाली. १९६५ मध्ये सत्ताधारी पक्षाचे सगळे १९८ उमेदवार बिनविरोध निवडून आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत डांक्वा न्सावामच्या तुरुंगात वारले. ज्यांच्या पक्षासाठी एन्क्रुमा मायदेशी परतले होते, ते विनाखटला कोठडीत गेले.

पण मतपेटी बंद झाली की सत्ता बदलायचा मार्ग एकच उरतो, बंदूक. त्यात कोकोचे भाव पडलेले, कर्ज वाढलेलं, बाजारात टंचाई. २४ फेब्रुवारी १९६६ ला एन्क्रुमा व्हिएतनामला जाण्यासाठी चीनमध्ये पोचले असताना लष्कर आणि पोलिसांनी सत्ता ताब्यात घेतली. लोक रस्त्यावर नाचले. त्यांचा पुतळा पाडला. शेकडो राजकीय कैदी सुटले, त्यात अजेईही होते.

एन्क्रुमा परत कधीच घानात येऊ शकले नाहीत. गिनीच्या सेकू तुरे यांनी त्यांना आसरा दिला, मानाने सहराष्ट्राध्यक्ष केलं. २७ एप्रिल १९७२ ला रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

आज आक्रामध्ये त्यांचं भव्य स्मारक आहे. जमावाने पाडलेला जुना पुतळाही तिथेच मुंडकं तुटलेल्या अवस्थेत जपून ठेवलाय. त्यांच्या जन्मदिवशी देशाला सुट्टी असते. घानाने दोन्ही एन्क्रुमा आठवणीत ठेवले आहेत, स्वातंत्र्य आणणारे आणि ते काढून घेणारेही.

आणि घानाने धडाही घेतलाय. १९९२ च्या घटनेतलं तिसरं कलम सांगतं, की देशात एकाच पक्षाची सत्ता आणणारा कायदा करायचा अधिकार संसदेला नाही. यावेळी ती नुसती नैतिक ग्वाही ठेवलेली नाही.