विश्लेषण : पहिल्या स्वदेशी धातूच्या विमानाचे पंख कसे घडले?

देवळाली कॅम्प म्हटले की तोफखाना आठवतो. लष्कराची तोफखाना प्रशिक्षण संस्था येथेच आहे. गोळा नेमका कुठे पडला, हे आकाशातून पाहून सांगणाऱ्या तोफखान्याच्या ‘एअर ओपी’ वैमानिकांच्या हाती साठच्या दशकात ‘कृषक’ हे भारतीय बनावटीचे छोटे विमान आले. ज्यांच्या हाताखाली अशी विमाने घडली, ते होते डॉ. विष्णु माधव घाटगे. त्यांची खरी कसोटी मात्र त्याआधीच लागली होती, ‘एचटी-२’ या विमानाच्या वेळी.

कोण होते घाटगे?

कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू येथे १९०८ साली त्यांचा जन्म झाला. मुंबईत विज्ञानाचे शिक्षण घेऊन ते जर्मनीतील गॉटिंगेनला गेले. पंखावरून हवा कशी वाहते, याचे शास्त्र मांडणारे लुडविग प्रांटल तेथे शिकवत. त्यांच्या मार्गदर्शनाखाली घाटगेंनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. १९४० मध्ये वालचंद हिराचंद यांनी बंगळुरूत ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ सुरू केली आणि घाटगे तेथे दाखल झाले. पुढच्याच वर्षी दहा आसनी ग्लायडर तयार झाले. भारतीय विज्ञान संस्थेतील वैमानिकी विभागाच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता.

आव्हान काय होते?

स्वातंत्र्यानंतर हवाई दलाला नवशिक्यांसाठी विमान हवे होते. तोवर वापरात असलेल्या ‘टायगर मॉथ’चे पंख लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेले असत. घाटगेंनी संपूर्ण धातूचे, दोन आसनी विमान आखले. त्याचे पंख खाली होते आणि त्यांना बाहेरून दांड्यांचा टेकू नव्हता. म्हणजे सारा भार पंखाने स्वतःच पेलायचा.

हा भार किती? ‘एचटी-२’चे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन साधारण एक टन. पण उंची न गमावता ६० अंश कलून वळण घेतले, तर पंखावरचा भार थेट दुप्पट होतो. त्यात नवशिक्या वैमानिक विमान आदळत उतरवणार, आणि चाकांचे दांडे पंखालाच जोडलेले.

धातूचा पंख कसा बनतो?

पंखाचा कणा म्हणजे ‘स्पार’, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी तुळई. तिला आडव्या बसवलेल्या ‘रिब’ पंखाला आकार देतात. वरून ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा रिव्हेटनी जोडतात. कापड फक्त झाकते. पत्रा मात्र भारातला वाटा उचलतो आणि पंखाला पिळू देत नाही.

जोडणी ‘जिग’ नावाच्या भक्कम चौकटीत होते. कणा किंचित पिळला, तरी विमान एका बाजूला ओढू लागते. रिव्हेटला दोघे लागतात : एक बाहेरून ठोकतो, दुसरा आतून ठोकळा धरतो. छिद्राची कड खरबरीत राहिली, तर तिथूनच तडा जाऊ शकतो. म्हणून कागदावरची गणिते अचूक असून भागत नाही. कारागिराचा हातही तितकाच अचूक लागतो.

पुढे काय झाले?

ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ‘एचटी-२’ आकाशात नेले. पंखांनी भार पेलला. पुढे हवाई दलाच्या अनेक तुकड्या याच विमानावर उड्डाण शिकल्या. घानाच्या हवाई दलालाही ही विमाने गेली. त्यानंतर ‘पुष्पक’, ‘कृषक’ आणि १९६४ मध्ये ‘किरण’ हे जेट प्रशिक्षण विमान आले. ‘कृषक’चे पंख मात्र मुद्दाम वर होते आणि त्यांना टेकूही होते. खालची जमीन नीट दिसणे, हेच तिथे महत्त्वाचे. काम बदलले, तसा पंखही बदलला.

१९६५ मध्ये घाटगेंना पद्मश्री मिळाली; १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले. आज नाशिकजवळच्या ओझरला लढाऊ विमाने बांधणारा कारखाना त्याच कंपनीचा वारसा चालवतो. तिथेही पंख घडतो तो आधी कागदावर, मग जिगमध्ये आणि शेवटी कारागिराच्या हातात.