दरड का कोसळते? मातीतल्या पाण्याचं गणित मांडणारे कार्ल टेरझागी

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली आणि ८०हून अधिक जणांचा बळी गेला. त्याच पावसात पोलादपूरमधील केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडींनी जीव घेतले. त्याआधी जुलै २००५ मध्ये महाडच्या जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर हीच वेळ आली होती. पावसाने माती निसरडी होते म्हणून दरड घसरते, असं आपण ऐकतो. खरं कारण वेगळं आहे. ते सिद्ध करणाऱ्या अभियंत्याची ही ओळख.

कोण होते टेरझागी?

जन्म २ ऑक्टोबर १८८३, प्राग. १९०४ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ इथून मेकॅनिकल इंजिनीअरिंगची पदवी. पुढे बांधकामांवर काम करताना त्यांना एक गोष्ट खटकली. पोलाद आणि काँक्रीटचं गणित होतं, पण ज्या मातीवर सगळं उभं राहतं तिचं नव्हतं. उत्तराच्या शोधात १९१२ मध्ये ते अमेरिकेत गेले, धरणांची कामं पाहत फिरले, पण हाती फारसं लागलं नाही.

पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, ते इस्तंबूलला शिकवायला गेले. तिथे प्रयोगशाळेसाठी पैसे नव्हते. सिगारच्या खोक्यांसारख्या हाताशी असलेल्या वस्तूंतून त्यांनी उपकरणं बनवली आणि ओल्या मातीवर दाब देऊन मोजमापं घेतली. १९२५ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि मृदा यांत्रिकी हे नवं शास्त्र उभं राहिलं.

शोध काय होता?

मातीचे कण एकमेकांवर दाबले जातात, त्या घर्षणावर उतार टिकतो. कणांमधल्या पोकळीत पाणी भरलं की ते कणांना आतून ढकलतं. समजा, वरच्या थराचा दाब १०० आहे. त्यातला ४० पाण्याने पेलला, तर कणांवर उरतो ६०. पाण्याचा दाब वाढेल तशी पकड सुटते. यालाच 'इफेक्टिव्ह स्ट्रेस' म्हणतात.

१९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया ताब्यात घेतल्यावर ते अमेरिकेत गेले आणि हार्वर्डमध्ये शिकवू लागले. १९५० मध्ये दरडींवरील निबंधात त्यांनी पाणी वंगणासारखं काम करतं हा समज खोडून काढला. २५ ऑक्टोबर १९६३ रोजी त्यांचं निधन झालं.

महाड-पोलादपूरशी संबंध काय?

सह्याद्रीच्या उतारांवर झिजलेल्या खडकाची माती असते, खाली घट्ट कातळ. सलग पावसात मुरलेलं पाणी कातळावर अडतं आणि दाब वाढत जातो. म्हणून वर्षानुवर्षं टिकलेला उतारही अचानक सुटतो. पाऊस थांबला म्हणून धोका लगेच टळत नाही, कारण आतलं पाणी निचरायला वेळ लागतो.

हिमालयातही वसंतातल्या उन्हाने वितळलेलं पाणी बर्फाच्या थरात मुरतं आणि त्याची पकड सैल करतं. तिथे हिमस्खलन होतं.

या खुणा दिसल्या तर घर सोडा

• उतारावर किंवा घराच्या जोत्याला नव्या भेगा
• झाडं, विजेचे खांब कलणं
• झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, नवे झरे फुटणं
• दारं-खिडक्या अडकू लागणं

आधी सुरक्षित जागी जा, मग तलाठी किंवा तहसील कार्यालयाला कळवा. टेरझागी आयुष्यभर गणिताइतकंच जागेवरच्या निरीक्षणाला महत्त्व देत राहिले. उताराखाली राहणाऱ्यांना हे निरीक्षण कोणत्याही यंत्राशिवाय करता येतं.